विश्लेषण : हैदराबादहून सुटलेला फुगा वर्ध्याच्या शेतात उतरला तर? सोबतच्या पेटीला हात का लावायचा नाही?

हिवाळ्याच्या तोंडावर वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी हमखास येते. हैदराबादच्या केंद्रातून मोठे वैज्ञानिक फुगे आकाशात सोडले जाणार आहेत, त्यांची उपकरणे रंगीत पॅराशूटसह खाली येतील, ती दिसल्यास हात न लावता जवळच्या पोलीस ठाण्याला, टपाल कार्यालयाला किंवा जिल्हा प्रशासनाला कळवावे, अशा आशयाची. खाली जिल्ह्यांची लांबलचक यादी असते. तेलंगणा, आंध्र प्रदेश, कर्नाटक यांच्यासोबत त्यात विदर्भ-मराठवाड्यातले जिल्हे असतात आणि त्यात वर्धाही असतो.

ही बातमी बहुतेक जण वाचून सोडून देतात. पण ती नीट वाचली तर तिच्यातल्या प्रत्येक वाक्यामागे प्रयोगशाळेतली काही महिन्यांची, काही वेळा काही वर्षांची तयारी दिसते. ‘हात लावू नका’ असे का? पॅराशूट रंगीतच का? पेटी उघडली तर बक्षीस का मिळत नाही? हे समजून घ्यायचे तर ही पेटी आकाशात जाण्याआधी तिच्यावर काय काय चाचण्या होतात, ते पाहावे लागेल.

वर्ध्याचे नाव यादीत कसे?

हे फुगे सोडते टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर. संस्था मुंबईची, पण तिचे फुग्यांचे केंद्र हैदराबादला आहे. होमी भाभांनी १९४० च्या दशकात बंगळूरुला असताना विश्वकिरणांचा अभ्यास करण्यासाठी रबरी फुगे वापरले होते. तिथून ही परंपरा सुरू झाली. हैदराबादला कायमचे केंद्र १९६९ च्या सुमारास उभे राहिले. हैदराबादच का, याचे एक कारण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात आहे. हे शहर चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहे. त्यामुळे अवकाशातून येणारे कमी ऊर्जेचे विद्युतभारित कण इथे बऱ्याच प्रमाणात अडवले जातात आणि क्ष-किरण मोजणाऱ्या उपकरणांना त्यांचा गोंगाट कमी त्रास देतो.

फुग्याला सुकाणू नसते. वारा नेईल तिकडे तो जातो, आणि वाऱ्याची दिशा उंचीप्रमाणे बदलते. हिवाळ्यात १०-१२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोरदार वारा असतो, तो फुग्याला पूर्वेकडे ढकलतो. त्याच्या वर गेले की वाऱ्याचे तंत्रच वेगळे. तिथे तो उलटही वाहू शकतो. म्हणून शास्त्रज्ञ एक बिंदू सांगत नाहीत, एक पट्टा सांगतात. विशाखापट्टणम, हैदराबाद, आदिलाबाद, सोलापूर यांच्या टापूत, हैदराबादपासून साधारण २०० ते ३५० किलोमीटरवर उपकरणे उतरू शकतात, असे जाहीर केले जाते. नकाशा उघडून पाहा. हैदराबादहून जवळपास सरळ उत्तरेकडे गेले की आदिलाबाद, मग यवतमाळ जिल्हा आणि मग हिंगणघाट-समुद्रपूर. म्हणजे वर्धा जिल्ह्याचा दक्षिण भाग या टापूच्या काठावर येतो. यवतमाळ किंवा नांदेडपेक्षा इथे पेटी उतरण्याची शक्यता कमी, पण यादीतून वगळावी इतकी कमी नाही.

इथे एक गल्लत टाळायला हवी. वर्ध्याच्या शेतात पांढरा रबरी फुगा आणि दोरीला बांधलेली मूठभर आकाराची पेटी सापडली, तर ती बहुधा हैदराबादची नसते. नागपूरचे हवामान केंद्र वातावरणाचे तापमान, आर्द्रता आणि वारा मोजण्यासाठी रोज असे छोटे फुगे सोडते. पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच या जगभर ठरलेल्या वेळांच्या निरीक्षणासाठी हे काम होते. फुगा ३० किलोमीटरच्या आसपास फुटतो आणि काही शे ग्रॅमचे यंत्र खाली येते. हा रोजचा टपाल आहे. हैदराबादचा फुगा म्हणजे आख्खी मालगाडी.

मालगाडी म्हणजे केवढी?

टीआयएफआरच्या जाहीर सूचनांनुसार या फुग्यांचा व्यास ५० ते ८५ मीटर असतो आणि ते ३० ते ४२ किलोमीटर उंची गाठतात. प्रवासी विमान साधारण १० ते १२ किलोमीटरवरून जाते. म्हणजे विमानाच्या तिप्पट-चौपट उंची.

एक सोपे गणित करू. एक घनमीटर हायड्रोजन जमिनीजवळ साधारण एक किलो वजन उचलतो. फुग्याचे प्लॅस्टिक, पॅराशूट, उपकरणे, सगळे मिळून हजार किलो उचलायचे असेल, तर हजार घनमीटर वायू लागेल. पण तेवढ्याने फुगा फक्त तरंगेल, चढणार नाही. चढण्यासाठी आणखी दहा टक्क्यांच्या आसपास वायू भरतात. आता ४० किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीच्या साडेतीनशेव्या भागाएवढा उरतो. हजार घनमीटर वायू तिथे पसरून तीन लाख घनमीटरच्या घरात जातो. ८५ मीटर व्यासाच्या गोळ्यात बरोबर तेवढीच जागा असते. म्हणून सोडताना हा फुगा टम्म फुगलेला नसतो. वर वायूचा एक लहान बुडबुडा आणि खाली लोंबणारे लांबच लांब प्लॅस्टिक, असा तो दिसतो. वर जाता जाता फुलत जातो.

हे प्लॅस्टिक पॉलिथिनचे असते आणि त्याची जाडी साधारण २०-२५ मायक्रॉन. बाजारात भाजीवाल्याकडे १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी चालत नाही. इथे तिच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढ्या पातळ पडद्यावर शेकडो किलोची उपकरणे लटकतात. आणि भारतात एक जास्तीची अडचण आहे. उष्ण प्रदेशात जमिनीवर गरम असते, पण साधारण १७ किलोमीटरवर युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त थंडी असते. तिथे पारा उणे ८० अंशांच्या खाली जातो. साधे पॉलिथिन अशा थंडीत काचेसारखे ठिसूळ होते आणि फुगा तिथेच फाटतो. त्यामुळे टीआयएफआरला आपल्या आकाशासाठी वेगळे प्लॅस्टिक तयार करावे लागले. नव्वदच्या दशकात क्ष-किरण दुर्बिणींना ४२ किलोमीटरवर न्यायची गरज निर्माण झाली, तेव्हा या कामाने वेग घेतला. पुढे २.७ मायक्रॉन जाडीचा पडदा बनवण्यापर्यंत हे केंद्र पोहोचले आणि २०१४ मध्ये त्या प्लॅस्टिकचा हलका फुगा ५१ किलोमीटरच्या वर गेला. केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास असते, यावरून अंदाज यावा.

असा पडदा तपासायचा कसा? त्याचे तुकडे अतिथंड पेटीत ठेवून ताणून पाहतात. लांब पट्ट्या जिथे उष्णतेने जोडल्या जातात, ते जोड ओढून पाहतात. खालून प्रकाश सोडलेल्या टेबलावरून पडदा सरकवत टाचणीएवढे छिद्र किंवा कमी-जास्त जाडीचा डाग शोधतात. फुगा पूर्ण फुगवून मात्र पाहता येत नाही. ८५ मीटरचा फुगा ज्यात मावेल अशी खोली कोणाकडे आहे? त्यामुळे त्याची खरी परीक्षा उड्डाणातच होते.

पेटीला आधी कुठे पाठवतात?

फुग्याची पूर्ण चाचणी होत नाही, पण खालच्या पेटीची होते, आणि उड्डाणपूर्व तयारीचा मोठा वेळ इथेच जातो. पेटीला आकाशात पाठवण्याआधी आकाशच जमिनीवर आणतात. लोखंडी जाड भिंतींच्या एका बंद टाकीतून हवा उपसून घेतात आणि आतल्या भिंती गार करतात. उपकरण आत ठेवून, चालू करून, तासन्‌तास तसेच राहू देतात. दाब आणि तापमान उड्डाणात जसे बदलेल, त्याच क्रमाने बदलतात.

अशा टाकीत काय काय बिघडते, याची यादी इंजिनिअरिंगच्या कोणत्याही विद्यार्थ्याने पाठ करावी अशी आहे. पहिला बळी बॅटरीचा. मोबाइलमधली लिथियम-आयन बॅटरी शून्याच्या बरीच खाली गेली की एकदम मान टाकते. म्हणून उड्डाणासाठी पुन्हा चार्ज न होणाऱ्या, थंडी सोसणाऱ्या लिथियम बॅटऱ्या वापरतात आणि त्याही थर्माकोलसारख्या आवरणात गुंडाळतात. काही कपॅसिटरमध्ये द्रव भरलेला असतो. बाहेरचा दाब गेला की ते फुगतात. जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कचे वाचन-टोक हवेच्या पातळ थरावर तरंगते. हवाच नसेल तर ते तबकडीवर घासते आणि सगळी माहिती गेली.

पण खरी गंमत उलटी आहे. वर इतकी थंडी, तरी काही सर्किट जळतात ती उष्णतेने. जमिनीवर चिप गरम झाली की आजूबाजूची हवा ती उष्णता वाहून नेते. ३५-४० किलोमीटरवर हवा जवळपास नाहीच. तिथे पंखा लावला तर तो झकास फिरेल, पण वारा लागणार नाही. वरून ऊन थेट. त्यामुळे एकाच पेटीचा सावलीतला कोपरा गोठतो आणि उन्हातला कोपरा तापतो. यावर उपाय म्हणजे गरम होणारा भाग धातूच्या पट्टीने पेटीच्या सांगाड्याला जोडणे आणि बाहेरून पांढरा रंग किंवा चकचकीत पत्रा लावून किती ऊन आत घ्यायचे ते ठरवणे. ही आकडेमोड कागदावर होते, पण ती बरोबर आहे की नाही हे टाकीच सांगते.

आता त्या ‘हात लावू नका’ या वाक्याकडे येऊ. क्ष-किरण मोजणाऱ्या वायुभरित उपकरणात हजार-दोन हजार व्होल्टचा दाब द्यावा लागतो. जमिनीवर एक मिलिमीटर अंतरातून ठिणगी पडायला साधारण तीन हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त लागतात. हवा हा चांगला विद्युतरोधक आहे. मग हवा विरळ झाली की ठिणगी पडणे अवघड व्हायला हवे, असे कोणालाही वाटेल. होते उलट. दाब कमी होत जातो तशी ठिणगी पडणे सोपे होत जाते आणि साधारण ३३ किलोमीटर उंचीवरच्या दाबाला तेच एक मिलिमीटरचे अंतर ओलांडायला साडेतीनशेच्या आतबाहेर व्होल्ट पुरतात. विरळ हवेत इलेक्ट्रॉनला धडक बसण्याआधी वेग घ्यायला मोकळी जागा मिळते, म्हणून असे होते. हवा आणखी विरळ झाली, अवकाशाइतकी, की ठिणगी पुन्हा अवघड होते. म्हणजे उपग्रहापेक्षाही फुग्याची उंची या बाबतीत जास्त वाईट. नेमक्या सर्वात धोक्याच्या पट्ट्यात त्याला कित्येक तास तरंगायचे असते.

म्हणून उच्च दाबाच्या सगळ्या जोडण्या सिलिकॉनसारख्या पदार्थात बुडवून घट्ट करतात किंवा तो सगळा भाग हवाबंद डब्यात ठेवतात. सिलिकॉनमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी ठिणगीला तेवढी जागा पुरते. टाकीत दिवे मालवून, अंधारात निळसर चमक दिसते का, हे पाहण्याची पद्धत याच भीतीतून आली.

पेटी जमिनीवर उतरल्यावरही हा दाब धोक्याचा असू शकतो. एखादी बॅटरी चालू असते, एखाद्या कपॅसिटरमध्ये विजेचा साठा उरलेला असतो. उपकरणे एरवी निरुपद्रवी आहेत, पण काहींमध्ये उच्च व्होल्टेज असते आणि छेडछाड केल्यास धोका होऊ शकतो, असे सूचनेत म्हटलेले असते ते यामुळेच.

दोर कापायचा कोणी?

हे उड्डाण संपवावे लागते. ते आपोआप संपत नाही. छोटा रबरी फुगा फुटून स्वतःच खाली येतो. मोठा पॉलिथिनचा फुगा मात्र खालून उघडा असतो. जास्तीचा वायू खालच्या तोंडातून बाहेर पडतो आणि फुगा न फुटता एका उंचीवर स्थिर राहतो. तासन्‌तास निरीक्षण करता यावे म्हणून ही रचना. त्यामुळे काम झाले की जमिनीवरून रेडिओ संदेश देऊन फुगा आणि पॅराशूट यांच्यातला जोड कापावा लागतो.

तो संदेश पोहोचलाच नाही तर? शेकडो किलोचे ओझे घेऊन फुगा भरकटत जाईल, रात्री वायू थंड झाल्यावर विमानांच्या वाटेवर उतरेल. म्हणून अशा जड फुग्यांवर एकमेकांवर अवलंबून नसलेल्या किमान दोन कापणी यंत्रणा असाव्यात, असा आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीचा नियम आहे. एक संदेशावर चालते, दुसरी घड्याळावर ठेवता येते. दोघींच्या बॅटऱ्याही वेगळ्या. उड्डाणाआधी पेटी क्रेनला टांगून, सगळी उपकरणे आणि सगळे रेडिओ एकाच वेळी चालू करून पाहतात. कारण टेबलावर एकेकटी नीट चालणारी यंत्रे एकत्र आली की एकमेकांच्या रेडिओ लहरींत ढवळाढवळ करतात. एका उपकरणाच्या गोंगाटात कापणीचा संदेश बुडाला, तर बाकीची सगळी तयारी व्यर्थ.

पॅराशूट आधीपासून फुगा आणि पेटी यांच्या मध्ये उभे ताणलेले असते. ४० किलोमीटरवर दोर कापला की सुरुवातीला ते काहीच करत नाही, कारण अडवायला हवाच नाही. पेटी जवळजवळ दगडासारखी पडते. हवा दाट होऊ लागली की पॅराशूट एकदम भरते आणि पेटीला जोराचा हिसका बसतो. अमेरिकेची ‘नासा’ आपल्या फुग्यांखालच्या सांगाड्यांनी उभ्या दिशेने वजनाच्या दहापट बल सोसावे, अशी अट घालते. पाचशे किलोच्या पेटीचे बोल्ट क्षणभर पाच टन उचलतील, असे धरून बनवावे लागतात.

उतरण्याचा वेग सेकंदाला पाच-सहा मीटर असेल, तर ते सव्वा ते पावणेदोन मीटर उंचीवरून टाकून दिल्यासारखे आहे. दुचाकीसाठी हे फार नाही. आरसे आणि बारीक तारांची उपकरणे असलेल्या पेटीसाठी पुष्कळ आहे. म्हणून पेटीच्या तळाशी जाड पुठ्ठ्याची, मधाच्या पोळ्यासारखी गादी लावतात. ती चुरगळते आणि धक्का गिळते. अवकाश संशोधनातल्या सगळ्यात महाग यंत्रांना शेवटी वाचवतो पुठ्ठा, हे मला स्वतःला फार आवडते.

आणि पॅराशूट रंगीत का? तुरी-कपाशीच्या शेतात, पळसाच्या जंगलात, नदीपात्रात ते दुरून दिसावे म्हणून.

एवढा खटाटोप कशासाठी?

उपग्रह असताना फुगे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की फुगा स्वस्त आहे, लवकर तयार होतो आणि मुख्य म्हणजे उपकरण परत मिळते. उपग्रह बिघडला तर उघडून पाहता येत नाही. २८ सप्टेंबर २०१५ ला भारताने ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ ही अवकाश वेधशाळा सोडली. तिच्यावरच्या टीआयएफआरने बनवलेल्या क्ष-किरण उपकरणांच्या मागे हैदराबादहून उडालेल्या फुग्यांवरचा कित्येक वर्षांचा अनुभव होता. साठच्या दशकाच्या अखेरीपासून क्ष-किरण खगोलशास्त्राचे प्रयोग इथून होत आले आहेत. अवरक्त किरणांसाठी १०० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीणही फुग्याखाली टांगून वर नेली गेली आहे, नंतरच्या काळात जपानच्या सहकार्याने. अलीकडच्या वर्षांत ‘इस्रो’ आणि ‘नासा’ यांनी मिळून मान्सूनच्या काळात आशियावर साचणाऱ्या सूक्ष्म कणांच्या थराचा अभ्यासही याच केंद्रातून केला.

तयारीचे महत्त्व ज्यात सगळ्यात स्पष्ट दिसते तो प्रयोग मात्र २००५ मधला. त्या वर्षी २० एप्रिलला २ कोटी ६७ लाख घनफुटांचा फुगा ४५९ किलोची उपकरणे घेऊन हैदराबादहून उडाला. त्यात पोलादाच्या सोळा नळ्या होत्या, आतून पूर्ण निर्जंतुक आणि निर्वात. त्या ३८ किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या होत्या. २० ते ४१ किलोमीटरच्या दरम्यान वेगवेगळ्या उंचीवर नळ्यांची तोंडे उघडली. आत शिरलेली हवा त्या गारठ्यात गोठली, त्यामुळे आणखी हवा आत ओढली गेली. नळ्या पॅराशूटने खाली आल्यावर त्यांचे नमुने दोन ठिकाणी स्वतंत्रपणे तपासले गेले : हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. मार्च २००९ मध्ये ‘इस्रो’ने जाहीर केले की पृथ्वीवर आधी माहीत नसलेल्या जिवाणूंच्या तीन जाती सापडल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचे, एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटांचे नाव मिळाले.

आता कल्पना करा, या नळ्या एखाद्या शेतात उतरल्या आणि कोणी कुतूहलाने झाकण फिरवून आत डोकावले. शेतातली माती आणि बोटांवरचे लाखो जिवाणू आत गेले की तो नमुना संपला. मग त्यात जे सापडेल ते आकाशातले की बांधावरचे, हे कोणीच सांगू शकणार नाही. पेटी शोधून कळवणाऱ्याला बक्षीस मिळते, कळवण्याचा आणि प्रवासाचा खर्चही मिळतो. पण छेडछाड केली असेल तर बक्षीस नाही. ही अट कंजूषपणाची वाटू शकते, पण ती नसती तर अशा प्रयोगांना अर्थच उरला नसता.

लोक घाबरतात, त्यांचे चुकते का?

७ डिसेंबर २०२२ ला तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात, मरपल्ली मंडलातल्या एका गावाच्या शेतात एक मोठी घुमटासारखी वस्तू उतरली. उडती तबकडी आली, अशी चर्चा पसरली आणि बघ्यांची झुंबड उडाली. ती निघाली स्पेनच्या ‘हॅलो स्पेस’ या कंपनीची चाचणी-कुपी. पर्यटकांना फुग्याने वर नेण्याच्या योजनेसाठी हैदराबादच्या केंद्रातून उडवलेली. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात, हुमनाबाद तालुक्यातल्या जलसंगी गावात टीआयएफआरचा फुगा आणि उपकरण थेट एका घरावर येऊन पडले. दोन्ही ठिकाणी आधी भीती आणि मग पोलीस, हाच क्रम होता.

विदर्भात तर भीतीला कारण आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आकाशातून जळत्या रेषा गेल्या आणि चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे कोसळले. तो चिनी रॉकेटचा अवशेष असावा, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. त्यावर पॅराशूट नव्हते, उतरण्याची आधी सूचना नव्हती. वर्धा जिल्ह्यात तर पुलगावचा दारूगोळा साठा आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथून जवळच सोनेगाव आबाजी इथे जुना दारूगोळा निकामी करताना झालेल्या स्फोटात सहा जणांचे जीव गेले. अनोळखी धातूच्या वस्तूपासून लांब राहायचे, हे इथल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. अडचण दुसरीकडे आहे. पहिला घाबरतो, पण मग दहा जण जमतात, मोबाइल निघतात, कोणीतरी काठीने ढोसून पाहते आणि तासाभरात वायर, पत्रा, पॅराशूटची दोरी यांना पाय फुटतात. शेतात पसरलेले शेकडो किलो प्लॅस्टिक कुटारावर झाकायला कोणाला नको आहे?

त्यातून मार्ग एकच : जिल्हा प्रशासनाने ही सूचना ‘आवक’ शिक्का मारून फाइलीत न ठेवता मोसम सुरू होण्याआधी पोलीस पाटील, कोतवाल, ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचवावी. सूचना इंग्रजीतून आली असेल तर मराठीत करून, पेटीच्या छायाचित्रासह. व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र गेले, तर उडत्या तबकडीच्या अफवेआधी ते पोहोचेल.

आणि कोणाला स्वतः फुगा सोडायचा असेल तर?

७ फेब्रुवारी २०२१ रोजी रामेश्वरमहून शाळकरी मुलांनी तयार केलेली १०० चिमुकली उपकरणे हीलियमच्या फुग्याने वर सोडली गेली, त्यात महाराष्ट्रातले विद्यार्थीही होते. तेव्हापासून आपल्याकडच्या शाळा-महाविद्यालयांतून हा प्रश्न वारंवार येतो. छोटा फुगा, थर्माकोलची पेटी, कॅमेरा, जीपीएस : खर्च आटोक्यातला आहे. मात्र परवानगीशिवाय सोडायचा नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आणि हवाई वाहतूक नियंत्रण यांची मंजुरी लागते. नागपूरचा विमानतळ वर्ध्यापासून ७०-७५ किलोमीटरवर आहे आणि देशाच्या मध्यावर असल्याने डोक्यावरून विमानांची सतत ये-जा असते. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत एकूण चार किलोपेक्षा कमी ओझ्याचा फुगा ‘हलका’ धरला जातो, सहा किलोपासून तो ‘जड’ होतो आणि अटी एकदम कडक होतात. पेटी बांधायची दोरीसुद्धा फार मजबूत चालत नाही. विमानाला अडकली तर ती तुटली पाहिजे, म्हणून सुमारे २३ किलोच्या ओढीला ती तुटावी असा संकेत आहे.

तयारी मोठ्या फुग्यासारखीच, फक्त घरगुती. महागडी टाकी नसेल तर निदान थंडीची चाचणी करता येते. पेटी चालू करून बर्फाच्या कारखान्यातून किंवा आइस्क्रीमवाल्याकडून मिळणाऱ्या कोरड्या बर्फात दोन-तीन तास ठेवायची. तो उणे ७८ अंशांचा असतो. हे उघड्या जागी, हातमोजे घालून करायचे, कारण त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. जीपीएस निवडताना त्याची माहितीपुस्तिका वाचायची. क्षेपणास्त्रात वापर होऊ नये म्हणून घातलेल्या जुन्या मर्यादेमुळे अनेक स्वस्त चिप १८ किलोमीटरच्या वर गप्प बसतात. काहींमध्ये विमानासाठीची वेगळी सेटिंग निवडली की त्या वरही चालतात. हे जमिनीवर कधीच लक्षात येत नाही; टेबलावर सगळे नीट दिसते.

शेवटी पेटीच्या चारही बाजूंना न पुसणाऱ्या शाईने मजकूर लिहायचा : हे काय आहे, कोणाचे आहे, कुठे फोन करायचा. वर्ध्याहून हिवाळ्यात सोडलेला फुगा वरच्या पश्चिमी वाऱ्याने भंडारा-गोंदिया किंवा त्यापलीकडे छत्तीसगडच्या दिशेने जाईल, म्हणून तो मजकूर मराठीबरोबर हिंदीतही असावा.